तेवीस कॉर्नर

“‘प्रशिक्षक श्री. पिल्ले यांनी पाहुण्या खेळाडूंबाबत हरकत नोंदवली. सविस्तर चर्चेअंती त्यांनी ती मागे घेतली,’” एवढं वाचून मी पाणी प्यायला थांबलो.

“सर,” पिल्लेमास्तर म्हणाले, “मी अजून हरकत घेतलेली नाही.”

“मग घ्या की, मास्तर,” अध्यक्ष बहिरट म्हणाले. “कुणी अडवलंय तुम्हाला? साडेदहाच तर वाजलेत.”

यात काही विनोद झाला असं खोलीत कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही. आमच्या प्रभात हॉकी क्लबात बैठकीचं इतिवृत्त बैठकीच्या आदल्या दिवशी लिहायची पद्धत होती. पूर्वी कधीतरी एका बैठकीत नेमकं काय ठरलं यावरून दोन वर्षं भांडण चाललं होतं म्हणे. तेव्हापासून आधी लिहायचं, मग बसायचं आणि लिहिलंय तिथपर्यंत बोलत जायचं. सहचिटणीस म्हणून लिहायचं काम माझ्याकडे होतं. एरवी मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो आणि संघाचा व्यवस्थापकही होतो, म्हणजे सामन्याच्या दिवशी लिंबं, बर्फ आणि पंचांच्या सह्या सांभाळत होतो.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. बैठक खडकीत बहिरटांच्या फरशांच्या दुकानावरच्या खोलीत होती. न खपलेल्या फरशांचे नमुने चारी भिंतींना लावलेले असल्यामुळे आपण कुणाच्या तरी न्हाणीघरात बसून हॉकीचं भलं करतो आहोत असं तिथे नेहमी वाटायचं. आम्ही पाचजण होतो. अध्यक्ष बहिरट, पासलकर वकील, मधुमेहाचे डॉक्टर शेंडकर, पिल्लेमास्तर आणि मी. सहावा बाहेर जिन्याजवळच्या बाकावर बसला होता. विन्सेंट साळवे, आमचा लेफ्ट हाफ.

विषय एकच होता. हंगामासाठी बाहेरून आणलेले तीन खेळाडू आणले ते बरं केलं की नाही.

हे तिघे मोकळे खेळाडू होते. कुठल्याही बँकेच्या, रेल्वेच्या, पोलिसांच्या संघाशी करार नसलेले आणि म्हणून जो बोलावेल त्याच्याकडून खेळायला तयार. लीगचा नियम तीन पाहुण्यांना परवानगी देत होता आणि कार्यकारिणीत मतदान करणारे तिघे होते, तेव्हा प्रत्येकाने एकेक आणला. वकिलांनी जालंधरचा गुरविंदर आणला, पेनल्टी कॉर्नरवर चेंडू उचलून जाळ्यात घालणारा. डॉक्टरांनी कूर्गचा बोपय्या आणला. अध्यक्षांनी ओडिशाचा एक गोलरक्षक आणला, ज्याचं नाव अध्यक्षांना शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही, म्हणून ते त्याला ‘आपला माणूस’ म्हणत.

आठ संघांच्या लीगमध्ये आम्ही सातवे आलो. आठवा संघ काही रविवारी दहाच जण घेऊन उतरत होता.

तरीही चर्चा उत्साहात चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं की बोपय्यामुळे संघात शिस्त आली. तो रात्री साडेआठला जेवतो आणि भात खात नाही. वकिलांनी सांगितलं की गुरविंदर त्यांच्या सोसायटीत राहायला आल्यापासून तिथली चार मुलं काठ्या घेऊन फिरायला लागली आहेत. अध्यक्षांनी आपल्या माणसाने खाल्लेल्या गोलांचा विषय स्वतःच काढला, याचं मला त्या वेळी कौतुक वाटलं. एकतीस गोल झाले हे त्यांना मान्य होतं. तो नसता तर एकसष्ट झाले असते. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण संख्याशास्त्राचा माणूस मीच होतो, आणि मी मान हलवली. ती मान कुठल्या दिशेने हलली हे आता मलाही सांगता येणार नाही.

“बोला मास्तर,” अध्यक्ष म्हणाले. “तुमची हरकत.”

पिल्लेमास्तर निवृत्त टर्नर. आजोबा वेल्लोरहून आलेले, पण मास्तरांचा जन्म खडकीचाच आणि मराठी आमच्या डॉक्टरांपेक्षा स्वच्छ. चाळीस वर्षं ते पोरांना हॉकी शिकवत होते. ते उभे राहिले. आमच्या क्लबात बोलताना कुणी उभं राहत नसे.

“तेवीस कॉर्नर मिळाले आपल्याला,” ते म्हणाले. “गोल झाला एक. तोही समोरच्याच्या काठीला लागून आत गेला. मी गुरविंदरला दोष देत नाही. पोरगा चांगला आहे. पण त्याच्यापर्यंत चेंडू आला तर तो मारणार ना?”

पेनल्टी कॉर्नर ही तिघांची करामत असते. एकजण गोलरेषेवरून चेंडू जोरात, जमिनीलगत, सरळ ढकलतो. दुसरा तो डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, बाहेर जागच्या जागी थोपवतो. तिसरा मारतो, आणि फोटो तिसऱ्याचा येतो. आमच्याकडे पहिलं काम आठ वर्षं विन्सेंट करत होता. त्याने ढकललेला चेंडू गवताला आपण शिवलो हे कळू न देता जायचा. कार्यकारिणीने तिसरा माणूस जालंधरहून आणला आणि त्या तिघा पाहुण्यांना जागा करताना पहिला बाकावर बसवला.

तेवढी जाण मात्र अध्यक्षांना होती. हंगामाआधीच्या बैठकीत त्यांनीच तोड काढली होती. विन्सेंट बाहेर बसेल. कॉर्नर मिळाला की कुणालातरी बाहेर बोलवायचं, विन्सेंट आत जाईल, चेंडू ढकलेल आणि परत येऊन बसेल. हॉकीत खेळाडू हवे तेव्हा बदलता येतात, हे अध्यक्षांना पक्कं ठाऊक होतं. या खेळीबद्दल त्यांच्या अभिनंदनाचा ठरावही मी लिहिला होता, आदल्या दिवशी.

मास्तर त्या बैठकीला नव्हते, गावी लग्नाला गेले होते. नाहीतर त्यांनी तिथेच सांगितलं असतं की हॉकीत खेळाडू कधीही बदलता येतो, फक्त एका वेळी येत नाही. कॉर्नर मिळाल्यापासून तो संपेपर्यंत.

पहिल्या सामन्यात अकराव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला तेव्हा मीच विन्सेंटच्या पाठीवर थाप मारून त्याला आत सोडला. तो धावत गोलरेषेपर्यंत पोहोचला, चेंडूपाशी वाकलासुद्धा. पंचांनी शिट्टी वाजवली आणि त्याला बोटाने बाहेरचा रस्ता दाखवला. प्रेक्षक हसले. विन्सेंटही थोडा हसला, आणि काठी खांद्यावर टाकून सगळ्या मैदानाला वळसा घालून परत आला. अध्यक्ष, वकील आणि डॉक्टर तेव्हा मैदानावर नव्हते. तिघेही खेळाडूंशी हस्तांदोलन, मग फोटो आणि मग घर, अशा क्रमाने सामना बघत.

त्या दिवसापासून चेंडू ढकलायचं काम जो जवळ असेल तो करू लागला. गुरविंदर डीच्या टोकाला वाकून वाट बघत राहायचा. चेंडू कधी उड्या मारत यायचा, कधी यायचाच नाही. अकरा कुठले खेळवायचे याचा कागद कार्यकारिणीकडून यायचा, आणि त्यावर विन्सेंटचं नाव बारावं असायचं. चौदा सामन्यांत मिळून तो एक्केचाळीस मिनिटं खेळला.

“तेवीस वगैरे आकडे कुठून आणलेत, मास्तर?” वकिलांनी विचारलं. “लेखी आहे काही?”

“सरांच्या वहीत आहे,” मास्तर माझ्याकडे वळले. “प्रत्येक कॉर्नर लिहिलाय त्यांनी. कुणी ढकलला, कुणी थोपवला, काय झालं. काढा ना, सर.”

वही माझ्या पिशवीत होती. पिशवी माझ्या पायाला टेकून उभी होती.

“वही घरी राहिली,” मी म्हणालो.

मास्तरांनी पिशवीकडे पाहिलं नाही. ते सभ्य गृहस्थ होते.

“राहू द्या,” अध्यक्ष म्हणाले. “समजा, तेवीस. मास्तर म्हणतात चेंडूच नीट येत नव्हता. बरोबर? मग ढकलत कोण होतं?”

“साळवे,” वकील म्हणाले. “आपण ठरवूनच ठेवलं होतं ना.”

“साळवे कसा—” मास्तर म्हणाले.

वकिलांनी फाइल उघडली. माणूस कोर्टात कसा असेल देव जाणे, पण फायली व्यवस्थित ठेवायचा. “हे प्राध्यापकांचे साप्ताहिक अहवाल. पहिला सामना: ‘पेनल्टी कॉर्नर बैठकीत ठरल्याप्रमाणे घेण्यात आले.’ दुसरा: ‘ठरल्याप्रमाणे.’ तिसरा, तेच. चौदाच्या चौदा अहवालांत आहे.”

आता मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

पहिल्या सामन्यानंतर त्यांनीच मला सांगितलं होतं की हा नियम वरच्या मंडळींच्या कानावर घाला, म्हणजे ते विन्सेंटला अकरांत घेतील. मी कळवतो म्हणालो होतो. घरी जाऊन अहवाल लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हे लिहायचं म्हणजे अध्यक्षांना हॉकीचा साधा नियम ठाऊक नाही, आणि ज्याबद्दल आपण त्यांचं अभिनंदन केलं ती खेळी बेकायदा होती, हे त्यांना लेखी कळवायचं. पुढच्या आठवड्यात तोंडी सांगू म्हणून मी ‘ठरल्याप्रमाणे’ एवढं लिहून मोकळा झालो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्या आठवड्यानंतर सांगणं अवघड झालं, कारण आधीचे दोन खोटे ठरले असते.

मला चिटणीसपद हवं होतं, अध्यक्षांकडून काही काम करून घ्यायचं होतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. निदान काहीतरी हवं होतं असं तरी झालं असतं. मला काहीही नको होतं. फक्त रविवारी सकाळी कुणाचा चेहरा पडलेला बघायचा नव्हता.

“अहो, साळवे मैदानावर तर—” मास्तर पुन्हा म्हणाले, आणि थांबले.

त्यांची नजर टेबलावर गेली होती. तिथे फरशीच्या एका तुकड्याखाली विन्सेंटचा दाखला ठेवला होता. सरकारी कारखान्यात खेळाडूंच्या कोट्यातली एक जागा निघाली होती. अर्ज द्यायचा शेवटचा दिवस उद्याचा, सोमवार. विन्सेंटला पंचवीस पूर्ण व्हायला दोन महिने राहिले होते आणि पंचविशीनंतर कोटा बंद होता. सकाळी दुधाच्या गाडीवरून क्रेट उतरवायचे आणि संध्याकाळी हॉकी, असं सहा वर्षं चाललेलं आयुष्य या एका कागदावर येऊन थांबलं होतं. चालू हंगामात नियमित खेळल्याचा आणि कामगिरी ‘उत्कृष्ट’ असल्याचा क्लबचा दाखला लागत होता. ‘उत्कृष्ट’ नसेल त्याला मुलाखतीला बोलावत नसत, हे खडकीत काठी धरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मीच तो मजकूर लिहिला होता: ‘चौदाही सामन्यांत नियमित सहभाग. कामगिरी उत्कृष्ट.’ अध्यक्षांची सही झाली होती. बैठक पार पडली की तो त्याला द्यायचा असं ठरलं होतं.

साळवे मैदानावर नव्हता, असं मास्तरांनी म्हटलं असतं तर ‘नियमित’ गेलं असतं.

“मैदानावर काय, मास्तर?” अध्यक्षांनी विचारलं.

“मेहनत करतो,” मास्तर म्हणाले. “फार मेहनत करतो.” आणि बसले.

“मेहनतीचा प्रश्नच नाही,” डॉक्टर म्हणाले. “मेहनत तर पेशंटही करतात.”

वकिलांचं म्हणणं पडलं की माणूस बाहेरच बसला आहे, त्यालाच विचारावं. कुणाच्या पाठीमागे बोलणं बरं नाही. विन्सेंटला आत बोलावलं. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता, बाहीवर घडी तशीच होती. त्याने सगळ्यांना नमस्कार केला आणि खुर्ची दाखवली तरी बसला नाही.

अध्यक्ष त्याच्याशी चांगलं बोलले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोकांना ही हकिगत सांगताना मी त्यांना ओरडायला लावत असे. ते ओरडले नाहीत. त्यांनी त्याची चौकशी केली, आईचे गुडघे कसे आहेत विचारलं, आणि मग म्हणाले की मास्तरांच्या मते गुरविंदरकडे चेंडू नीट पोहोचत नव्हता.

“कॉर्नर तूच ढकलत होतास ना, विन्सेंट?”

विन्सेंटने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आपल्या तळहातांकडे बघत होते. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी व्यवस्थापक होतो. पाठीवर थाप मारून आत सोडणारा मी होतो. त्याला वाटलं असेल की सर आता बोलतील. मी पेनचं टोपण काढून परत लावलं. शेवटी त्याची नजर फरशीच्या तुकड्याखालच्या कागदावर गेली, आणि तिथेच राहिली.

“हो, साहेब,” तो म्हणाला.

“मग काय झालं रे? आठ वर्षं तर चांगला ढकलत होतास.”

“कमी पडला, साहेब.”

“म्हणजे चूक तुझी.”

“हो. माझा जोर कमी पडला.”

संबंध हंगामात त्या पोराने एकही कॉर्नर ढकलला नव्हता. खोलीतल्या तिघांना ते ठाऊक होतं, दोघांना आणि एका डॉक्टरला नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यातल्या एकाच्या पायाशी ते लेखी होतं, तारखेवार.

“बघा,” वकील मास्तरांना म्हणाले, त्यात विजय वगैरे नव्हता, समजूत काढल्यासारखं. “पोरगा प्रामाणिक आहे. म्हणजे पाहुण्यांचा दोष नव्हता.”

“नव्हता,” मास्तर म्हणाले. “मी हरकत मागे घेतो.”

मी इतिवृत्तावरून नजर फिरवली. कुठेही काही बदलावं लागणार नव्हतं. तिन्ही खेळाडू पुढच्या हंगामाला पुन्हा बोलवायचे, हा ठराव तर आदल्या दिवशीच एकमताने मंजूर झालेला होता. मी कागद अध्यक्षांपुढे सरकवला. त्यांनी सही केली आणि मग दाखला हातात घेतला. विन्सेंट एक पाऊल पुढे आला.

अध्यक्ष दाखला वाचत राहिले. सही करताना त्यांनी तो वाचलेला नव्हता, हे उघड होतं.

“प्राध्यापक,” ते म्हणाले, “हे ‘उत्कृष्ट’ आता कसं चालेल?”

डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं.

“नाही, मला पोराचं वाईट करायचं नाहीये. पण त्याने स्वतः इथे कबूल केलंय. तेवीस कॉर्नर वाया घालवले म्हणतो, आणि आपण सरकारला ‘उत्कृष्ट’ लिहून द्यायचं? उद्या कुणी विचारलं तर? खोटा दाखला देणं आपल्या तत्त्वात बसत नाही.” त्यांनी क्षणभर विचार केला. माणूस खरोखर विचार करत होता. “‘समाधानकारक’ करा. ‘असमाधानकारक’ नको. ‘समाधानकारक’.”

“साहेब,” विन्सेंट म्हणाला, “त्यांना ‘उत्कृष्ट’च लागतं.”

“अरे, लागतं म्हणून लिहायचं का? तूच सांग.”

मास्तर उठले, त्यांची खुर्ची मागे पडली. ते माझ्याकडे बघत होते. खरं सांगितलं तर ‘नियमित’ जात होतं. खोटं ठेवलं तर ‘उत्कृष्ट’ जात होतं. त्यांच्याजवळ वाट नव्हती. माझ्याजवळ होती. ‘चौदा अहवाल मी खोटे लिहिले; नियम तुम्हाला ठाऊक नव्हता आणि तो मी कळवला नाही, म्हणून हा पोरगा बाहेर राहिला,’ एवढं मी म्हटलं असतं तर अध्यक्ष चिडले असते, मला काढलं असतं, आणि बहुधा लाजेपोटी दाखल्याला हात लावला नसता. लाज त्यांना होती. अधूनमधून यायची.

मी दाखला घेतला. ‘उत्कृष्ट’वर एक सरळ रेघ मारली, वर ‘समाधानकारक’ लिहिलं, शेजारी अध्यक्षांची छोटी सही घेतली, आणि खाडाखोड अधिकृत असल्याचा क्लबचा शिक्का मारला. शिक्का नीट उमटावा म्हणून खाली वर्तमानपत्र घेतलं.

विन्सेंटने दाखला दोन्ही हातांनी घेतला आणि अध्यक्षांना थँक्यू म्हणाला. मी त्याच्याबरोबर जिना उतरलो. का उतरलो ठाऊक नाही, पोहोचवायला गेल्यासारखा. मास्तर आधीच खाली जाऊन रस्त्यापलीकडे उभे होते, पाठ करून.

“सर,” विन्सेंटने विचारलं, “उद्या तरी देऊन टाकू का अर्ज?”

“देऊन टाक,” मी म्हणालो. “प्रयत्न करायला काय हरकत आहे.”

तो बरं म्हणाला. दाखल्याला घडी पडू नये म्हणून त्याने तो शर्टाच्या आत, छातीशी सपाट धरला, आणि रस्ता ओलांडून मास्तरांकडे गेला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही की काही नाही. दोघे शेजारी शेजारी बाजाराच्या दिशेने चालायला लागले. त्याला मुलाखतीला बोलावणं आलं नाही. मास्तर पुन्हा क्लबात आले नाहीत. हे दोन्ही पुढे कळलं, आणि दोन्हीबद्दल वाईट वाटलं असं मी लोकांना सांगत असे.

वरून डॉक्टरांनी खिडकीतून हाक मारली की जिलब्या आल्या आहेत, गार होतील. मी वर गेलो. तीन खाल्ल्या. चौथी वकिलांनी आग्रह केला म्हणून घेतली.